लागण आणि खोडवा : गावतलावात जाळं आणि गळ दोन्ही टिकवायचे तर

कोल्हापुरात मासळीचा बाजार वारांवर चालतो. बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यात आखाड आला की वार कुणी बघत नाही, श्रावण लागायच्या आत जेवणावळी उरकायच्या असतात. आणि नेमक्या याच दिवसांत, जून-जुलैमध्ये, समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. मालवण-रत्नागिरीकडून फोंडा, आंबा, गगनबावड्याचा घाट चढून येणारी मासळी आटते आणि गिऱ्हाईक नदीच्या, तलावाच्या माशाकडे वळतं. गोड्या पाण्यातला मासा अंड्यावर असतो तोही याच दोन महिन्यांत. समुद्र राखायला घातलेल्या बंदीचा सगळा भार अशा रीतीने आपल्या तलावावर येऊन पडतो. तलावाचं वर्षाचं नियोजन करायला बसाल तेव्हा सुरुवात या गोष्टीपासून करा.

हा लेख आहे तो तीस-चाळीस हेक्टरांच्या तलावासाठी. पाणी उसाला जातं, मासेमारीचा ठेका गावातल्या भोई-कोळ्यांच्या सहकारी संस्थेकडे असतो, आणि रविवारी शहरातून पोरं मोटारसायकलवर गळ टाकायला येतात, असा तलाव. राधानगरी, काळम्मावाडीसारख्या मोठ्या धरणांचं गणित वेगळं, पण तत्त्व तेच.

तत्त्व कोल्हापूरकराला उसाच्या भाषेत सांगितलं की लगेच कळतं. तलावात दोन प्रकारचा मासा असतो. कटला, रोहू, मृगळ ही लागण, म्हणजे नव्यानं लावलेला ऊस. हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साठलेल्या तलावात बहुतेक घालत नाहीत, म्हणून त्यांचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, दरवर्षी विकत आणून सोडावं लागतं. मरळ, वाम, शिंगटी आणि काठची बारीक मासळी हा खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा येणारं पीक. तो आपणहून फुटतो, फक्त बुडखा शाबूत राहिला पाहिजे. लागणीचं नुकसान एका वर्षाचं, पुढच्या वर्षी पुन्हा बीज सोडता येतं. खोडवा मोडला तर मरळीचं बीज सहजासहजी कुठं मिळत नाही. म्हणून दोन्हींना एकच नियम लावून भागत नाही. तलाव बिघडण्याची सुरुवात मी बहुतेक ठिकाणी इथूनच झालेली पाहिली आहे.

आधी पाणी कुणाचं, ते ठरवा

तलाव ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की जलसंपदा विभागाचा, यावर मासेमारीचा हक्क कोण देणार ते ठरतं. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन आपल्या तलावाची नोंद, ठेक्याची मुदत आणि अटी लेखी घ्या. करारात दरवर्षी किती बीज सोडायचं ते लिहिलेलं असतं, तो आकडा पाळावाच लागतो. गळवाल्यांकडून शुल्क घ्यायचं असेल तर तेही करारात बसतं का हे आधीच विचारा, नंतर वाद नको.

मग एप्रिलमध्ये बैठक घ्या. संस्थेचे सभासद, ग्रामपंचायत, पाणीवापर संस्थेचे शेतकरी आणि नेहमी येणारे चार गळवाले, असे सगळे एका सतरंजीवर बसले पाहिजेत. गळवाल्यांना बोलवायला संस्थेतली जुनी माणसं नाराज असतात. ‘ठेक्याचे पैसे आम्ही भरायचे आणि मासा ह्यांनी न्यायचा?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पुढे येतंच आहे.

मृग ते पुष्य : पाणी बंद

आमच्या संस्थेचा ठराव नक्षत्रावर आहे, कारण तारीख विसरते पण नक्षत्र गावात कुणी विसरत नाही. मृग निघाल्यापासून म्हातारा पाऊस, म्हणजे पुष्य, संपेपर्यंत जाळं नाही आणि गळही नाही. हे साधारण ७ जूनपासून २ ऑगस्टपर्यंत येतं.

या काळात सगळ्यात जपायची जागा तलावाचा मध्य नव्हे, तर ओढ्याचं तोंड आहे. पहिल्या मोठ्या पावसात ओढा वाहू लागला की मासा पाण्याच्या उलट दिशेनं वर चढतो, ओढ्यातून भाताच्या खाचरापर्यंत जातो. चढणीचे मासे धरायला अख्खं गाव काठ्या, टोपल्या, मच्छरदाण्या घेऊन उतरतं. पोटभर गाबोळी असलेला मासा त्या रात्री बादलीने निघतो. मीही लहानपणी वडिलांबरोबर कंदील धरून उभा राहिलेलो आहे आणि त्या रात्रीचा आनंद मला आजही आठवतो. तरीही सांगतो, सगळे नियम मोडले तरी चालतील, पण हा एक पाळा. ओढ्याच्या मुखापासून दोन्ही बाजूंना शंभर-शंभर पावलांवर लाल झेंडे रोवा आणि पहिल्या पावसाच्या तीन-चार रात्री माणसं बसवा. शाळेतल्या मोठ्या पोरांना या राखणीत घ्या. ज्या पोरानं एकदा राखण केली, ते पुढच्या वर्षी मच्छरदाणी घेऊन येत नाही.

नदीकाठच्या गावांनी हाच नियम कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला लावावा. पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढले की माशाला वर जायची वाट मोकळी होते. बरगे काढायला उशीर झाला तर चढणारा मासा बंधाऱ्याच्या पायथ्याशी दाटतो आणि तिथं तो कुणाच्याही हाताला लागतो. बंधाऱ्याखाली मासेमारी नको, आणि बरगे वेळेवर निघावेत म्हणून मच्छीमारांनीही पाटबंधारेच्या चौकीवर जाऊन विचारणा करावी.

नियम कागदावर चांगला, पण भोई कुटुंबानं दोन महिने खायचं काय? याचा विचार न करता बंदी घातली तर ती रात्री मोडते. आम्ही विक्रीच्या प्रत्येक किलोमागे ठरावीक रक्कम बाजूला टाकतो आणि जून-जुलैत सभासदांना वाटतो. जाळी विणणं, तराफे दुरुस्त करणं, सांडव्याची जाळी बसवणं ही कामंही याच काळात मजुरी देऊन करून घेतो.

लागण : बीज किती आणि केव्हा

बीज सोडण्याची घाई करू नका. जुलैत सोडलेलं बीज सांडव्यावरून वाहून जातं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात किती तलावांतला मासा शेतातून नदीला मिळाला ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. सांडव्याचं पाणी ओसरलं, की ऑगस्टअखेर ते सप्टेंबर ही बीज सोडायची वेळ. सांडव्याला जाळी बसवायची असेल तर अभियंत्याला विचारूनच बसवा. पालापाचोळा अडकून जाळी तुंबली तर बांधाला धोका होतो.

किती बीज लागेल याचा हिशोब सोपा आहे. समजा तलाव भरल्यावर ४० हेक्टर आणि मे महिन्यात १० हेक्टर उरतो. सरासरी पाणी धरा २५ हेक्टर. तुमच्या मासे तोलण्याच्या वहीप्रमाणे हेक्टरी १०० किलो मासा निघतो, म्हणजे एकूण २,५०० किलो. एक मासा सरासरी एक किलोचा धरला तर २,५०० मासे हातात यायला हवेत. दहा सेंटिमीटरची बोटुकली सोडली आणि शंभरातली तीस जगली, तर सुमारे ८,३०० बोटुकली लागतील. तेच दोन-तीन सेंटिमीटरचं बारीक बीज सोडलं आणि शंभरातलं दहाच जगलं, तर २५,००० लागतील, आणि बाकीचं मरळीच्या पोटात जाईल. बारीक बीज स्वस्त दिसतं, पण महागात पडतं. जवळ शेततळं असेल तर बारीक बीज तिथं दोन महिने वाढवून मग तलावात सोडा. करारातला आकडा याहून मोठा असेल तर तो पाळा, पण आकार मोठाच मागा.

प्रमाण कटला ४, रोहू ३, मृगळ ३. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, म्हणून एकमेकांच्या ताटात हात जात नाही. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, तळ उकरून पाणी गढूळ करतो, तो नको. थाई मागूर म्हणून विकला जाणारा आफ्रिकन मासा तर कुणी फुकट दिला तरी तलावात येऊ देऊ नका. त्याच्यावर देशात २००० सालापासून बंदी आहे आणि तो खोडवा पार खाऊन टाकतो. घरच्या काचेच्या टाकीतले मासे ‘जीव वाचावा’ म्हणून तलावात आणून सोडणारे लोक असतात, त्यांनाही हात जोडून परत पाठवा.

आणलेली पिशवी थेट ओतायची नाही. ती बंदच ठेवून वीस मिनिटं तलावाच्या पाण्यावर तरंगू द्या, मग तोंड उघडून थोडं थोडं तलावाचं पाणी आत घ्या आणि पिशवी आडवी धरा. बीज आपणहून बाहेर जाईल. हे काम सकाळी लवकर करा. मोजायला चहाचं गाळणं चालतं. एका गाळण्यातलं बीज नीट मोजायचं आणि मग गाळणी मोजायची. पुरवठादाराच्या शब्दावर विसंबू नका. एका वर्षी आम्ही न मोजता बीज घेतलं आणि पुढचा हंगाम सगळ्या सभासदांना त्याची झळ बसली.

जाळं : आस, रात्री आणि जागा

आस, म्हणजे जाळ्याचं एक भोक, मोजताना जाळं ताणून गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत मोजा. कार्पसाठी, म्हणजे कटला-रोहू-मृगळसाठी, चार इंची आसाचं जाळं ही चांगली सुरुवात आहे, पण ऐकीव आकड्यावर थांबू नका. तीन, चार आणि पाच इंचाचे तुकडे एकाच रात्री शेजारी-शेजारी लावा आणि सकाळी प्रत्येकातले मासे वेगळे तोला. ज्या आसात पाऊण किलोच्या आतला मासा क्वचित येतो, तो तुमच्या तलावाचा आस. त्याहून बारीक जाळं संस्थेच्या ठरावाने बंद करा आणि मच्छरदाणी तर कायमचीच बंद. पाऊण किलोचा कटला अजून चार महिने पाण्यात राहिला तर बाजारात वजनही जास्त देतो आणि दरही. हे सभासदांना पटवायला भाषण लागत नाही, दोन्ही माशांच्या विक्रीच्या पट्ट्या (बाजारातल्या चिठ्ठ्या) शेजारी ठेवल्या की पुरतं.

रात्री तीनच ठेवा. मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी जाळं टाकायचं आणि पहाटे काढायचं. बुधवार-शुक्रवार-रविवारच्या बाजाराला ताजा मासा जातो, उरलेल्या चार रात्री तलाव विश्रांती घेतो, आणि सोमवारच्या पडेल दरात मासा घालवावा लागत नाही. उन्हाळ्यात जितका मासा तितका बर्फ न्या. बर्फाचा खर्च वाचवून मासा नासवण्यापेक्षा दोन जाळी कमी टाकलेली बरी.

काठच्या पाणवनस्पतीची एक तृतीयांश पट्टी अजिबात साफ करू नका. ती खोडव्यातलं पाचट, म्हणजे शेतात ठेवलेला उसाचा वाळका पाला, समजा. तिच्याखालीच बारीक जीव वाढतो. जलपर्णी मात्र दिसली त्याच दिवशी उपटा आणि बांधाच्या पलीकडे, परत पाण्यात येणार नाही अशी टाका.

फाटलेलं तंगूसचं, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचं, जाळं पाण्यात सोडून येणं हा मोठा अपराध आहे. ते कुजत नाही, कुणी न बघता मासे, पाणकावळे आणि कासवं मारत राहतं. प्रत्येक जाळ्याला नंबर बांधा. संध्याकाळी जितकी गेली तितकी सकाळी मोजून घ्या. जाळ्यात कासव आलं तर ते तिथल्या तिथं सोडून द्या, गोड्या पाण्यातल्या कासवांना कायद्यानं संरक्षण आहे.

जिलेटिन, विषारी पावडर, शेतीपंपाच्या तारेतून पाण्यात सोडलेला करंट आणि जंगलातल्या गेळाच्या फळांचा चेंदा, हे सगळं एकाच माळेचं. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारण्यावर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. करंटनं तर माणसंही जातात. असं काही दिसलं तर आपापसात मिटवू नका, पोलिसांना कळवा.

गळ : चिलापी काढणारे हात

आता त्या रास्त प्रश्नाचं उत्तर. आपल्याकडच्या बहुतेक तलावांत चिलापी माजलेली असते. हा मासा भारतात १९५२ साली आणला गेला. तो साठलेल्या पाण्यात वर्षातून कितीतरी वेळा पिल्लं काढतो, दाटी झाली की खुरटतो आणि कार्पचं खाणं खातो. चार इंची जाळ्यातून ही खुरटी चिलापी सटासट निसटते. बारीक जाळं लावावं तर कोवळा रोहू मरतो. गळाला मात्र ती पटापट लागते. म्हणजे जाळ्याला जे जमत नाही ते काम गळवाले करतात, आणि वर पासचे पैसे देतात. आमच्या बैठकीत हा मुद्दा मांडला गेला तेव्हा जुन्या माणसांचा विरोध मावळला.

गळवाल्यांसाठी दिवसाचा पास ठेवा आणि पाठीमागे नियम छापा. चिलापी कितीही न्या, लहान-मोठी सगळी, परत सोडू नका. कार्प लागला तर सोडा, कारण ती संस्थेची लागण आहे. मरळ दिवसाला एकच, आणि दीड फुटाच्या आतली नाही. एका माणसाला दोनच गळ. रात्रभर बांधून ठेवायचे पन्नास-शंभर काट्यांचे दावे बंद. सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच वेळ. बांधाची एक बाजू गळाला, दुसरी जाळ्याला द्या, म्हणजे तंगूस जाळ्यात अडकून होणारी रोजची भांडणं टळतात. जिवंत बेडूक आमिषाला नको, गांडूळ किंवा कणकेचा गोळा पुरतो.

मरळीबद्दल जरा थांबून सांगायला हवं. मरळीचं जोडपं पिल्लांची राखण करतं. पिल्लं श्वास घ्यायला वर येतात तेव्हा पाण्यावर लालसर झुबका उकळल्यासारखा दिसतो आणि खाली आई-बाप असतात. त्या झुबक्यात रबरी बेडूक टाकला की मरळ हमखास झडप घालते, भुकेनं नव्हे तर पिल्लांवर कुणी आलं म्हणून. ती काढली की अख्खा झुबका तासाभरात बाकीच्या माशांच्या तोंडी जातो. बंदी उठल्यानंतरही, सप्टेंबरअखेरपर्यंत असे झुबके दिसतात. झुबका दिसला की गळ गुंडाळा आणि पन्नास पावलं पुढं जा. हे मी प्रत्येक नव्या गळवाल्याला काठावर उभं करून, बोट दाखवून सांगतो. झुबका डोळ्यांनी पाहिल्यावर कुणी हुज्जत घातलेली मला आठवत नाही.

सोडायचा मासा जगला तरच सोडण्याला अर्थ आहे. काट्याच्या टोकाजवळची उलटी धार पक्कडीनं आधीच दाबून टाका, म्हणजे काटा लगेच निघतो. हात ओले करा, मासा मातीवर किंवा तापलेल्या दगडावर ठेवू नका, कल्ल्यात बोट घालू नका, शक्यतो पाण्यातच सोडवा. गिळलेला काटा ओढू नका, दोरा तोंडापाशी कापा. एप्रिल-मेच्या दुपारी पाणी तापलेलं असतं, सोडलेला मासाही बहुधा मरतो. त्या दिवसांत गळ सकाळी दहापर्यंतच.

वही

हे सगळं चालतं ते एका वहीवर. जाळं काढायच्या प्रत्येक पहाटे काठावर तोलकाटा आणि वही घेऊन एक माणूस बसलाच पाहिजे. तारीख, किती जाळी, कोणता मासा, किती नग, किती किलो. गळवाल्यांची नोंद पास परत घेताना करा.

नुसत्या किलोवर विसंबू नका. गेल्या वर्षी दहा जाळ्यांना रात्री ४० किलो मिळाला, म्हणजे जाळ्यामागे ४ किलो. यंदा सोळा जाळ्यांना ४४ किलो. सगळे खूश, कारण मासा वाढला. पण जाळ्यामागे हिशोब केला तर पावणेतीन किलो. तलाव जवळजवळ एक तृतीयांशानं उतरला आहे आणि जाळी वाढवल्यामुळे ते दिसत नाही. जाळ्यामागचं वजन सलग तीन आठवडे असं घसरलं की जाळी कमी करा, वाढवू नका. सरासरी नगाचं वजनही बघा. किलोचा मासा पाऊण किलोवर आला की समजा, आपण पुढच्या हंगामातलं काढतो आहोत. वहीचं महिन्याचं पान ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. नियम कुणी मोडला तर दंडाची पावती फळ्याशेजारीच, मग तो अध्यक्षाचा भाऊ का असेना.

पाणी बिघडलं तर

ढगाळ दिवसांनंतरच्या पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागले की प्राणवायू कमी पडला आहे. पंप लावून पाणी उंचावरून परत तलावात पाडा आणि त्या दिवशी जाळं टाकू नका. पण मासे मरून तरंगत असतील, पाण्याला वास किंवा रंग असेल, तर आधी स्वच्छ बाटल्यांत दोन-तीन ठिकाणचं पाणी भरा, फोटो काढा, प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाला लेखी कळवा आणि पंचनामा मागा. पंचगंगेत मासे मेल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचतो. पाणी वाहून गेलं की पुरावाही वाहून जातो. मेलेला मासा विकू नका, खड्डा काढून पुरा. औषध फवारणीचे पंप तलावात धुणं बंद करा, त्यासाठी बांधाच्या खाली वेगळी टाकी बांधा.

मे महिना

उसाला पाणी सुटतं आणि चाळीस हेक्टरांचा तलाव दहावर येतो. सगळा मासा एका डबक्यात गोळा होतो आणि तेव्हा ओढजाळं फिरवलं की चार दिवसांत वर्षाची कमाई दिसते. कार्प काढायला हीच वेळ योग्य आहे, लागणीचा ऊस तुटायलाच हवा. पण तलावातली सगळ्यात खोल जागा, आम्ही तिला डोह म्हणतो, बांबू रोवून बंद ठेवा. तिथं ना जाळं, ना गळ. ओढजाळ्यात आलेली मरळ, वाम, शिंगटी पाण्यानं भरलेल्या पिंपातून डोहात नेऊन सोडा. शेतकऱ्यांशी आधीच बोलून मृतसाठ्याच्या खाली पंप लावायचा नाही असा ठराव एप्रिलच्याच बैठकीत घ्या. मेमध्ये पीक वाळत असताना तो घेता येत नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात जाळी धुऊन, नंबर तपासून संस्थेच्या खोलीत ठेवा आणि कुलूप लावा. किल्ली अध्यक्षाकडे नको, ग्रामपंचायतीत ठेवा. मग कोरड्या ओढ्यातून तलावापासून वर चालत जा. वाटेत कुणी बांध घातला असेल, राडारोडा टाकला असेल, तो काढा. शंभर पावलं मोजा आणि झेंड्यांचे बांबू आताच रोवून ठेवा. पहिला पाऊस बहुधा रात्रीच येतो.